किनवटच्या जंगलात सांगितलेली बहीण

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आज पन्नाशीला आलो तरी — नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट माहीत नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी मुखेडचा, बारावीच्या शिकवणीसाठी नांदेडला खोली करून राहत होतो. खोलीत जोडीला दस्तगीर होता, औशाकडचा. त्याचे वडील शिलाईकाम करायचे. अबोल पोरगा. भिंतीजवळ कधी झोपायचा नाही, दाराशी अंथरूण टाकायचा. मी त्याची थट्टा करायचो.

एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यानं आपणहून सांगितलं. "भूकंपाच्या राती अंगणात एकच बाज होती. माझी बहीण मुन्नी म्हणली, आज मला झोपू दे. मी न्हाई दिली. ती रुसून आत गेली." दगडमातीची भिंत होती. पुढचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. "कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाला. मी मान डोलावली.

कुणाला सांगितलं नाही, असं म्हणता येईल का? तेच तर —

हिवाळ्यात सरांनी सगळ्या तुकड्यांची सहल काढली. किनवटपर्यंत रेल्वेनं आणि मग दिवसभर पायी, पैनगंगेच्या काठाकाठानं. सागाचं जंगल, पायाखाली मोठाली वाळकी पानं, झाडांतून मधूनच दिसणारं पाणी. आमच्या शिकवणीत दर चाचणीनंतर मार्कांवरून तुकड्या बदलायच्या. मी पहिल्या तुकडीतून घसरत शेवटच्या तुकडीत आलो होतो. घरी कळवलं नव्हतं. आई गावभर सांगत होती, पोरगा इंजिनिअर होणार.

नदीच्या वळणावर सगळे बसलो होतो. सरांनी मला हेरलं. "काय मुखेडकर, शेवटच्या तुकडीत करमतंय ना? पंख्याखालची जागा धरली म्हणे."

पोरं हसली. मुलीही हसल्या. "सर, घोरतंय ते तिथं," मागून कुणीतरी म्हणालं.

मी काहीही बोलू शकलो असतो. अभ्यास केला नाही म्हणून सांगता आलं असतं, खरं तेच होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "सर, मला झोप लागत नाही. भूकंपात मी मामाच्या गावी होतो, गणपतीला गेलो होतो." आणि मग — थांबता आलं असतं की नाही? आलं असतं. मी थांबलो नाही. अंगणातली बाज सांगितली. बाजेवरून झालेलं भांडण सांगितलं. मामाची पोरगी रुसून आत गेली, सांगितलं. नाव सांगितलं — शोभा. मला मामाच नाही. आवाज कुठं कापरा करायचा तेही मला कळत होतं. तो गच्चीवर जिथं थांबला होता, तिथंच मी थांबलो.

कुणी हसेना. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग दस्तगीरकडे वळून म्हणाले, "तूही तिकडचाच ना रे? तुमच्याकडं काय झालं?"

तो माझ्यासमोरच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पानांकडे बघत राहिलो.

"आमचं काय न्हाई सर," तो म्हणाला. "याचं खरं हाय. मला ठाव हाय."

का म्हणाला असेल तसं? मला वाचवायला? की त्या क्षणी त्याच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून? स्वतःचं सांगितलं असतं तर नक्कल ठरली असती. मी ते विचारायची हिंमत कधी केली नाही.

परतताना तो माझ्याच बाजूनं चालत होता, नेहमीसारखा. चालता चालता म्हणाला, "नाव तरी तिचं घ्यायचं होतं." राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं — म्हणजे मला बरं झालं असतं.

सोमवारी सरांनी मला पहिल्या तुकडीत, पुढच्या बाकावर बसवलं. मी बसलो. त्या वर्षी इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला. आज जे आहे ते त्या बाकावरूनच आलेलं आहे, हे मी कसं नाकारू? दस्तगीर परीक्षेनंतर गावी गेला. मी त्याला कधी शोधलं नाही.

पण जे मला अजून टोचतं ते सहलीनंतरचं आहे. खाणावळीत हदगावचा एक नवा पोरगा आमच्या पंगतीला होता. मोकळा, बडबड्या. दस्तगीर औशाकडचा आहे म्हटल्यावर त्यानं सरळ विचारलं, "मग तुमच्या घरातलं कुणी गेलं का रे?"

दस्तगीरचा घास हातात राहिला. त्यानं तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं — परवानगी मागावी तसं.

मी वरण मागून घेतलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आमच्यातलं कुणी न्हाई."