साखरबाईचा डूख

साखरबाई म्हंजी माझी थोरली जाऊ. नावात साखर आन् जिभंवर मिरची, आसं गाव म्हणायचं. म्हणू द्या. तिच्याइतकी सरळ बाई आमच्या न्हावऱ्यात दुसरी न्हाई, आन् तिच्यावाणी डूख धरणारीबी न्हाई. एक वेळ नाग सोडंल, पण साखरबाई सोडायची न्हाई.

तिची सून चांगुणा. दुष्काळात दोघी सासू-सुना सडकेच्या कामावर खडी फोडायच्या. चार लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत व्हतं, आन् तिला पुन्हा दिवस गेले. तवा कायदा नवानवा आला व्हता, बाईचा जीव धोक्यात आसंल तर सरकारी दवाखान्यात मोकळं करून देत्यात म्हणून. चांगुणाच्या अंगात रगत न्हाई हे बघून शिरूरच्या डॉक्टरीणबाई "ये" म्हणाल्या. साखरबाई स्वतः संगं जाणार व्हती. बाकीच्या सासवा सुनेला चटके देत्यात, हिनं कामावर खायला मिळणारी आपल्या वाटणीची सुकडी सुनेला खाऊ घातली.

पण गावात दोन तट पडलेले. एक म्हणायचे, खायला न्हाई तर पोरं काय मातीत घालायला जन्माला घालायची? दुसरे म्हणायचे, ह्या कायद्यानं बाया मोकाट सुटतील. ह्या दुसऱ्यांचा म्होरक्या शंकरराव, सोसायटीचा चेअरमन. मारुतीच्या पारावर बसून त्यानं फर्मान सोडलं, "या गावची बाई पोट पाडून आली, तर तिच्या घरातलं एक माणूस कामावर दिसता कामा नये." मुकादम त्याच्याच ताटाखालचं मांजर. चांगुणाचा नवरा बन्सी, माझा पुतण्या, त्यानं हे ऐकलं आन् शिरूरच्या एसटीत बसलेल्या बायकोला, आईला न जुमानता, हाताला धरून खाली उतरवली. नंदीबैल कुठला.

मग चांगुणा काय करणार? कुणाला न सांगता वाडीतल्या एका म्हातारीकडं गेली. म्हातारीनं पोट पाडायला मुळी घातली. पोरगी तापानं फणफणली आन् गेली. डोळे उघडेच व्हते, मीच मिटले. शंकरराव दहाव्याला आला, "करावं तसं भरावं" म्हणाला, आन् धोतराचा सोगा झटकून निघून गेला. साखरबाई तो दिसेनासा हुईस्तवर त्याच्या पाठीकडं बघत राहिली. तवाच माझ्या मनात आलं, ह्या माणसाची आता धडगत न्हाई.

पुढं पाऊसपाणी बरं झालं. साखरबाई कुठं कामाला जावी? थेट शंकररावाच्या वस्तीवर, कांदा निवडायला. मी म्हणलं, "आक्का, तुला लाज न्हाई वाटत?" ती म्हणाली, "बिळाजवळ बसल्याबिगर उंदीर घावतो व्हय?"

शंकररावाची सून सिंधूबाई, माहेर केंदूरचं. लई गरीब पोरगी. दोन मुलीच पदरात. त्या साली ती कांद्याच्या ढिगामागं लपून चिंचा चघळायला लागली, तवा बायांनी काय ते वळखलं. आन् एक दिवस सासऱ्यानं तिला जीपमधी घालून दौंडला नेली. परत आली ती पांढरीफटक. घरची माणसं म्हणाली, "काय न्हाई, पिशवी धुतली." आता बघा कशी गंमत हाय. गरिबाच्या घरात पोट पाडत्यात, थोरामोठ्याच्या घरात पिशवी धुत्यात.

सिंधू गोठ्यात बसून रडायची. साखरबाईजवळ ती बोलली. कुठल्याशा देवऋष्यानं सांगितलं व्हतं, तिसरीबी पोरगीच हाय. "मला पायजे व्हतं, मावशी. मला कुणी इचारलंच न्हाई."

मी म्हणलं, झालं, आता उद्याच्या उद्या गावभर कर. साखरबाई म्हणाली, "मी केलं तर म्हणतील सूड घेती. तिच्याच तोंडातनं निघू दे." मग तिनं काय करावं? रोज त्या पोरीशेजारी कांदा निवडायला बसायची आन् म्हणायची, "आज आसती तर रांगली आसती गं." कवा म्हणायची, "आज आसती तर दात आले आसते." निखाऱ्यावर फुंकर मारल्यावाणी रोज. पोरीचे डोळे सुजायचे. निर्दयपणा व्हता, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मला आतनं गोडच वाटत व्हतं, खोटं कशाला बोलू.

मग सरकारनं महिला वर्ष काढलं, त्याची सभा शाळेच्या पटांगणात झाली. पुण्याहून आलेल्या बाई कायद्याच्या बाजूनं बोलल्या, एक रिटायर मास्तर इरुद्ध बोलले. बाया एकीकडं, गडी एकीकडं, आन् अध्यक्ष म्हणून हार घालून बसलेला शंकरराव. त्यानं शेवटी चांगलं झाडून भाषण केलं. म्हणाला, पोट पाडणारी बाई आन् खुनी, दोघांत फरक न्हाई.

साखरबाई उठली. "चेअरमन, अडाणी हाय मी, एवढं समजून सांगा. पोट पाडणं आन् पिशवी धुणं, एकच का?"

"एक कसं आसंल?" शंकरराव हसला. "पिशवी धुणं म्हंजी आजारावरचा इलाज. पोट पाडणं म्हंजी खून."

बायांच्यात पाठीमागं हालचाल झाली. सिंधू उभी राहिली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. जलमात सासऱ्यापुढं तोंड उघडलं न्हवतं तिनं.

"मामंजी," ती म्हणाली, "मग मला कोणता आजार झाला व्हता?"

शंकररावानं हार काढला, टेबलावर ठिवला, परत उचलला. त्याच सांजच्याला सिंधू दोन्ही पोरी घेऊन केंदूरला गेली.

गावानं त्याला असा धुतला की इचारू नका. पारावर गेला की माणसं म्हणायची, "या चेअरमन, तब्येत कशी हाय?" लेक बोलंना, सून येईना. शेवटाला भर उन्हाचा साखरबाईच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथंच दळण पाखडत बसले व्हते.

"साखरबाई, ती तुझं ऐकती. तिला माघारी यायला सांग. काय म्हणशील ते करतो."

तिनं त्याला बस म्हणलं न्हाई, पाणी दिलं न्हाई. "पारावर उभं राहायचं," ती म्हणाली, "आन् माझ्या सुनंचं नाव घेऊन सांगायचं, की मी तिला मारली."

शंकररावानं खाली बघितलं. मग म्हणाला, "म्हणतो. बन्सीची बायको माझ्यापायी गेली आसं म्हणतो."

"बन्सीची बायको न्हाई. नाव घ्या."

त्यानं तोंड उघडलं, परत मिटलं. माझ्याकडं बघितलं. मी सुपात बघितलं. एवढं फर्मान सोडलं, दहाव्याला येऊन बोलला, आन् मेल्याला तिचं नाव ठावं न्हवतं.

"जा चेअरमन," साखरबाई म्हणाली. "कळलं की या."

गावात शेंबड्या पोरानंबी सांगितलं आसतं. पण त्यासाठी कुणाला तरी इचारावं लागलं आसतं, आन् ते त्याच्यानं मरंस्तवर झालं न्हाई.