रोडग्यांसाठी राखलेलं पोट

आता काय सांगू तुम्हाला, रोडग्यांचं नाव निघालं की मला अजून तोंड लपवावंसं वाटतं!

मी अकोल्याचा. लेक मोर्शीला दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. व्याह्यांनी शेतातल्या मारुतीपुढे रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याची भाजी असा, कार्यक्रम ठेवला आणि फोनवर बजावलं, "इवाई, उपाशी या बरं! पोटात जागा ठेवजा."

मी शब्दाचा पक्का. सकाळी चहासुद्धा घेतला नाही. फक्त गुडघेदुखीची गोळी घेतली. पंगतीत मांडी घालायची होती ना! तिथे मला लंगडताना बघून व्याह्यांनी स्वतःची कंबरदुखीची गोळी प्रेमानं पुढे केली. नाही कसं म्हणणार? गुडघा वेगळा, कंबर वेगळी. तीही घेतली.

पंगत बसायला दुपार टळली. पहिला घास पोटात गेला आणि आत अशी आग उठली की मी आडवाच!

आणि बोललो काय? भर पंगतीत ओरडलो, "भाजीत काईतरी पडलं!"

भाजी विहीणबाईंनी केलेली. त्यांचा वाढता हात थांबला. लेकीनं मान खाली घातली. तिला त्याच घरात नांदायचं होतं हो!

"काहून जी, बाकीच्यायले काहून नाई झालं?" विहीणबाई म्हणाल्या.

"त्यायची पोटं दगडाची!" गप्प बसेन तर मी कसला?

व्याह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. मागोमाग विहीणबाई, भाजीचा डबा घेऊन. पुरावा!

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय घेतलं?"

"काईच नाई जी. या दोन गोळ्या फक्त."

"अहो, दोन्ही एकाच जातीच्या! उपाशीपोटी एक घेतली तरी जठराला इजा होऊ शकते, तुम्ही जोडी घेतली. बीपीचं औषध चालू असेल तर किडनीलाही धोका. शौचाला काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली तर तडक दवाखाना गाठा."

मग त्यांनी डबा उघडून एक फोड तोंडात टाकली. "भाजी झकास आहे!"

मी विहीणबाईंपुढे हात जोडले. त्या हसल्या, लेक हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. शेतात परतल्यावर सगळ्यांनी रोडगे चापले, मी मऊ भात गिळला.

यंदा पुन्हा बोलावणं आलं. फोन खुद्द विहीणबाईंचा.

"रोडग्याले या बरं, इवाई. पण तुमी घरून जेवून या!"