अठ्ठ्याण्णव अंश

नव्वदच्या दशकात मी नाशिकजवळ, दिंडोरी रस्त्यावरच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागले. मुलं बहुतेक भाजीपाला नि फुलं पिकवणाऱ्या घरांतली. नववीच्या प्रयोगवह्या मागितल्या तर त्या पूर्ण लिहून तयार होत्या! प्रयोग एकही झाला नव्हता, पण निष्कर्ष सगळे लिहिलेले, मागच्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवलेले. अक्षर मोत्यासारखं, आकृत्या रंगवलेल्या.

मी त्या वह्या बाजूला ठेवल्या आणि साध्या वह्या आणायला सांगितल्या. जे दिसेल तेच लिहायचं आणि खोडरबर वापरायचा नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं, एवढंच सांगितलं. मुलं गांगरली. "बाई, बरोबर उत्तर काय ते आधी सांगा ना," असं कुणीतरी रोज म्हणायचं.

मग पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग आला. पाणी खळखळ उकळत होतं आणि पारा अठ्ठ्याण्णववर येऊन थांबला होता. मुलं वाट बघून कंटाळली आणि एकेका गटानं शंभर लिहून टाकलं. झेंडूची शेती असलेल्या घरातली एक मुलगी होती, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. ती उठली.

"बाई, ह्यो वर जातच नाय. काय लिहू?"

"तुला काय दिसतंय?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग तेच लिही."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. थर्मामीटरच बिघडलेला असला तर? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती फाटकावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन आली. तो विरघळायला लागल्यावर तिनं त्यात थर्मामीटर धरला. पारा शून्यावर आला, म्हणजे थर्मामीटर ठीक होता. मग मी सगळ्या वर्गाला सांगितलं, की नाशिक समुद्रापासून बरंच उंच आहे, इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं. मुलांनी आपापल्या शंभरवर रेघ मारली. त्या दिवशी वर्गात जो गलका झाला, तसा मी पुन्हा फारसा ऐकला नाही.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याकडून शाळेची तपासणी झाली. साहेबांनी वह्या चाळल्या आणि नेमकं तिलाच उभं केलं.

"पाणी किती अंशाला उकळतं?"

"आमच्या शाळेत अठ्ठ्याण्णवला."

"आणि पुस्तकात?"

"शंभर. पण पुस्तकातलं समुद्राजवळचं हाय."

साहेब हसले, म्हणून वर्गही हसला. "म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांपेक्षा तू शहाणी!" मी मध्ये पडून दाबाचं कारण सांगू लागले. "बाई, परीक्षेत हेच लिहिणार का ही?" असं विचारून त्यांनी मला थांबवलं. वह्यांत खाडाखोड आहे आणि उत्तरं चुकीची आहेत, असा शेरा पडला.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "सगळ्या वह्या पुन्हा लिहून घ्या."

"सर, ते मी नाही करणार."

त्यांनी नववीचं विज्ञान माझ्याकडून काढून एका ज्येष्ठ सरांना दिलं. या सरांनी नव्या वह्या आणायला लावून निष्कर्ष फळ्यावरून उतरवून घेतले. सगळ्यांनी शंभर लिहिलं, तिनं ती ओळ कोरी सोडली. वहीवर सही मिळाली नाही, प्रात्यक्षिकाचे गुण गेले. मी त्या सरांना भेटले, मुख्याध्यापकांना पुन्हा भेटले. उपयोग झाला नाही.

एका सकाळी तिची आई बाजारात फुलं घालून तशीच शाळेत आली. "बाई, तुमचं खरं असंल. पण पोरीला एकटी पाडू नका. तिचा बाप म्हणतो, साहेबांशी वाद घालायला शाळेत घालतो का आपण? तुम्ही सांगा तिला, ती तुमचंच ऐकते."

मी तिला व्हरांड्यात गाठलं. आई काय म्हणाली ते सांगितलं आणि तुला काय करायचंय, असं विचारलं.

"बाई, खरं लिहायला तुम्ही शिकवलं. लिहिल्यावर काय होतं ते सांगितलंच नाय."

दुसऱ्या दिवशी तिनं शंभर लिहून सही घेतली. मग शाळा संपेपर्यंत तिनं वर्गात हात वर केलेला कुणी पाहिला नाही. दहावी झाली, बऱ्या गुणांनी. विज्ञानाला जाशील का, असं मी विचारलं तेव्हा तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. ती आर्ट्सला गेली, आणि पदवी पुरी व्हायच्या आधीच तिचं लग्न झालं.

दोन हजारनंतर वारं फिरलं. मुलांनी स्वतः निरीक्षण करावं, दिसेल ते नोंदवावं, असं आता प्रशिक्षणात आम्हालाच शिकवू लागले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला तिची ती कोरी सोडलेली ओळ आठवत होती. त्याच महिन्यात निफाडला एका लग्नाला जायचं होतं. तिचं सासर तिथंच होतं, म्हणून पत्ता काढून गेले.

तिनं चहा केला. द्राक्षाच्या पॅकिंगला जाते म्हणाली, हंगामात उसंत नसते. शाळेबद्दल एक शब्द नाही. शेवटी मीच प्रशिक्षणाचं सांगितलं.

"म्हणजे आता तसं लिहिलं तर मार्क कापत नाहीत?"

"नाही कापत. पण मुलं प्रोजेक्ट दुकानातून तयार आणतात."

तिनं कपबश्या उचलल्या. "बाई, चला, नायतर गाडी चुकंल तुमची," ती म्हणाली आणि डोक्यावर पदर घेत स्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आली. गाडीला उशीर होता. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो, द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत.