मखमली शेंग आणि माझं तोंड

"घरी बोलता ना तुम्ही तिच्याशी?" असं राहीच्या शाळेतल्या बाईंनी मला विचारलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

राही माझी मुलगी. मोठ्या शिशूत आहे. घरात ती अखंड बोलते. भिंतीशी बोलते, चपलेशी बोलते, दात घासताना फेसासकट बोलते. उंबरठा ओलांडला की बंद. शाळेत हजेरीला नुसता हात वर करते. आणि बाई मला विचारतात, घरी बोलता ना? अहो, घरी मी दुसरं करते काय? तिच्या वाटचं बोलणंही आपणच बोलून टाकत नाही ना, असं वाटून मी अंथरुणात तळमळत राहायचे आणि शेजारी नवरा घोरत असायचा. मला त्याचाही राग यायचा. झोप लागणाऱ्या प्रत्येक माणसाचाच तेव्हा मला राग येत होता.

तर, अशा मनःस्थितीत मी केलेला हा पराक्रम. आधीच सांगून ठेवते, यात माझी बाजू घ्यायला फारशी जागा नाही. तरी कुठे सापडली तर घ्या.

आमच्या शहापुरात एक ग्रुप आहे. पाऊस ओसरला की दर रविवारी रानात चालायला जातो. कधी तानशाकडे, कधी मुरबाडच्या बाजूला. भोईर सर म्हणून पीटीचे निवृत्त शिक्षक आहेत, ते पुढे असतात. "मोकळ्या हवेत पोरं बोलती होतात," असं सर म्हणाले, म्हणून मी राहीला घेऊन जायला लागले. मी वाढले डोंबिवलीत. रान म्हणजे आमच्या सोसायटीमागचा रिकामा प्लॉट, एवढीच माझी ओळख. त्यामुळे माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये तापाचं औषध, पोटाचं औषध, अ‍ॅलर्जीचं औषध आणि ही औषधं बाधली तर त्यावरचं औषध, असं सगळं असायचं. सर तिला फिरता दवाखाना म्हणायचे.

आणि खरंच, राहीला तिथे मैत्रीण मिळाली. चिऊ तिचं नाव. दोघी घोळक्याच्या मागे रेंगाळायच्या, डोक्याला डोकं लावून कुजबुजायच्या. मी झाडाआडून बघायचे. माझी मुलगी घराबाहेर कुणाच्या तरी कानात का होईना, बोलत होती. अजून ग्रुपमध्ये कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता, पण चिऊने ऐकला होता. मला तेवढं पुरे होतं.

आता चिऊ म्हटली की चिऊची आई आलीच. वनिताताई. किन्हवलीत पार्लर चालवतात. आवाज असा, की समोरच्या टेकडीवरची गुरं चरायची थांबून वळून बघतील. पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं होतं, "पोर मुकी हाय का गो तुमची?"

मी काय केलं असेल? हसले. चारचौघांत शिकलेल्या बाईने हसायचं असतं ना. ते हसू मी घरी नेलं, त्याचं विरजण लावलं, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी ते थोडं थोडं आंबत गेलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. त्या रविवारी आम्ही उंबरमाळीच्या बाजूच्या रानात होतो. गवत पिवळं पडायला लागलेलं, वाटेवर झुडपांची जाळीच जाळी. तिथे एका वेलीवर मला शेंगा दिसल्या. सोनेरी-तपकिरी, वर मऊ लव, अगदी मखमलीच्या कापडाच्या शिवल्यासारख्या. राहीच्या वर्गात 'निसर्ग कोपरा' करायचा होता. बाकीच्या आया पिंपळाचं पान नाहीतर कोंबडीचं पीस पाठवणार. आपण हे पाठवू. कळू दे बाईंना, घरी आम्ही काय काय करतो ते.

तुमच्यातल्या काहींनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. लावा. पण मला कुणी सांगायचं होतं? बाकी सगळे पुढे गेलेले, मागे फक्त त्या दोन चिमण्या.

आणि मी काही अगदीच बावळट नाही हो. रानातल्या वस्तूला उघड्या हाताने शिवू नये, एवढं मला कळतं. राहीचा रुमाल घेतला, रुमालात धरून शेंगा अलगद तोडल्या, रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं. रुमाल झटकून कमरेला खोचला. इतकी काळजी घेणारी आई तुम्ही पाहिली आहे का?

राहीने माझी ओढणी ओढली. हळूच म्हणाली, "आई, चिऊ म्हणते ना, की ही..."

"नंतर सांग हं. चला, सर पुढे गेले."

ओढ्यापाशी सगळे टेकले. मी जरा पाण्याकडे जाऊन आले, तेवढ्यात बघते तर वनिताताईंनी राहीला मांडीपाशी बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी भरवायला घेतलेली. सुकट. वाळवलेली कोळंबी. माझ्या मुलीने जन्मात न खाल्लेली. मला न विचारता.

"अहो, काय देताय तिला?"

"भाकर. काय झाला?"

"तिला सवय नाहीये या सगळ्याची."

"आता व्हईल की. खातेय बघा कशी."

राही खात होती हे खरं. घरी वरणभात खायला तासभर लावणारी माझी मुलगी बोटं चाटत होती. त्याचा मला आणखी राग आला. मी कमरेचा रुमाल ओढला आणि तिचं तोंड, हनुवटी, मान, हात असं सगळं खसाखसा पुसून काढलं. उन्हातून आले होते, म्हणून त्याच रुमालाने स्वतःचा चेहरा आणि गळाही पुसला.

थोड्याच वेळात राही मान खाजवायला लागली. मग हनुवटी. मग दोन्ही हातांनी. कातडी लाल, त्यावर गांधी. ती रडकुंडीला आली आणि मी सॅक उपसायला लागले. अ‍ॅलर्जी. रस्ता लांब, गाडी लांब, आणि माझी मुलगी या बाईच्या सुकटाने सुजत चाललेली.

"बघा. बघा काय केलंत तुम्ही. तरी मी सांगत होते."

"सुकटानं?" वनिताताई म्हणाल्या. "माझी चिऊ दात येयाच्या आधीपास्नं खाते."

"तुमची चिऊ खात असेल. सगळ्यांची मुलं तुमच्यासारखी नसतात."

हे वाक्य कसं ऐकू आलं, ते मला तोंडातून निघताना कळलं. पण निघालेलं वाक्य काय, परत थोडंच येतं. वनिताताईंनी भाकरीचा डबा बंद केला.

"चल गो चिऊ. आपण तिकडं बसू. यांना आपलं अन्न बाधतंय, आपण पन बाधू."

चिऊ उठली. राहीने तिच्या फ्रॉकची कड धरली आणि दुसऱ्या हाताने माझी ओढणी. "आई, आई, ती शेंग..."

"राही, थांब जरा. आई बोलतेय ना."

हो. जिच्या न बोलण्यापायी माझी झोप उडाली होती, तिला मीच गप्प करत होते. तेव्हा कुठे लक्षात येतं हे? तेव्हा माझा गळा खाजत होता. गाल खाजत होते. मी एका हाताने राहीला औषध पाजत होते, दुसऱ्या हाताने स्वतःला ओरबाडत होते आणि तोंडाने भांडत होते.

वनिताताई जाता जाता थांबल्या. "तुमी खाल्ली काय चटणी?"

"मी कशाला खाईन?"

"मंग तुमाला कशानं खाज येते?"

मुद्दा बिनतोड होता. भांडणात समोरच्याने बिनतोड मुद्दा मांडला, की शिकलेला माणूस काय करतो? शिवी शोधतो. मलाही माहेरची एक आठवली.

"तुम्ही ना, नुसत्या खाजकुयली आहात. खाजकुयली."

ओढ्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. आणि चिऊ, कुणाची चहाडी न करता, सहज माहिती द्यावी तशी म्हणाली, "मम्मी, खाजकुयली तर काकूंच्या डब्यात हाय."

भोईर सरांनी माझा डबा घेतला, झाकण जरासं उचललं आणि लगेच लावलं.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्याकडे एका मावशीला सगळे तेच म्हणायचे. पण ती एक वेल असते, तिला शेंगा येतात, त्या इतक्या देखण्या असतात आणि त्यांची ती लव म्हणजेच सगळी भानगड, हे मला कुणीही, कधीही सांगितलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

"ताई, रुमाल कुठाय तुमचा?" सरांनी विचारलं.

मी तेव्हा त्याच रुमालाने गळा पुसत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. यावर रानातला इलाज एकच, शेण. चोळायचं, वाळू द्यायचं, मग खरवडलं की लवेची कुसं त्याच्याबरोबर निघतात. गुरं शेजारीच चरत होती, तेव्हा माल ताजा मिळाला. राहीला सरांनी लावायला घेतलं. मी डोळे मिटून स्वतःच्या गालाला कसंबसं फासत होते, तेवढ्यात कुणीतरी माझा हात झटकला.

"असं लावत्यात काय? खालून वर लावा. सरका."

वनिताताई. रागावलेल्याच होत्या, पण चुकीचा फेसपॅक त्यांच्याने बघवला नसावा. हनुवटीपासून कानापर्यंत दोन्ही हातांनी त्यांनी मला लिंपून काढलं. "पार्लरला बाया पैसे मोजत्यात यासाठी. हलू नका. तोंड बंद. वाळूदे."

तोंड बंद. माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या नेमक्या वेळी हे सांगितलं नव्हतं.

शेण वाळलं. खाज उतरायला लागली. सगळा ग्रुप गोल करून बसला होता आणि मधोमध मी, नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखी. वनिताताई ओढ्यावर हात धुऊन चिऊला घेऊन निघाल्या. परत आमच्यात बसायला नव्हे, दूर, पलीकडे. राही त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. आता बोलायला हवं होतं आणि ते मीच बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली आणि जेवढे ओठ हलले तेवढ्यात पुटपुटले, "सॉरी हं."

राही उठून उभी राहिली. हनुवटीला शेण, मानेला शेण. आणि सगळ्या ग्रुपदेखत, अख्ख्या ओढ्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"आई, मोठ्याने म्हण. काकूंकडे बघून म्हण. असं नाही चालत."