मी गाडीचा एसी दुरुस्त केला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट आमच्या घरात माझ्यासमोर कोणी काढत नाही. माझ्यामागे काढतात, आणि हसण्याचा आवाज मला बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान त्यात मी थोडा कमी मूर्ख दिसेन.

तर झालं असं की मी गाडीचा एसी दुरुस्त केला. घरी. स्वतः.

आत्ताच हसू नका, अजून काही झालेलं नाही.

मी वीस वर्षं डिचोलीच्या एका खाणीवर नोकरीला होतो. काम काय, तर गेटवर बसून ट्रकचा नंबर लिहायचा, वेळ लिहायची, ड्रायव्हरची सही घ्यायची. पण दिवसभर ट्रक बघणाऱ्या माणसाला एक भ्रम होतो, की आपल्याला इंजिनातलं कळतं. पुढे खाण बंद झाली, मी पेडण्यात झेरॉक्सचं दुकान टाकलं, भ्रम मात्र चालूच राहिला. नात्यात कोणाची स्कूटर अडली की मी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघायचो आणि गंभीरपणे "कार्बोरेटर" म्हणायचो. एकदा ती स्कूटर बॅटरीवरची निघाली. पण एवढ्याने मी खचणारा नव्हे.

गेल्या वर्षी खाणीवरच्याच एका जुन्या सोबत्याकडून मी गाडी घेतली. वापरलेली, पण इंजिन चांगलं. दुखणं एकच, एसी. बटण दाबलं की म्हाताऱ्याने बशीतल्या चहावर फुंकर घालावी इतकाच वारा यायचा. जुलैपर्यंत मी चालवून घेतलं. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली.

आमची चवथ केरीला, मूळ घरी. सात बिऱ्हाडं एकत्र जमतात आणि सगळ्यांत मिळून गणपती एक. पेडण्यात चितारी नाहीत असं नाही, पण आजोबांच्या काळापासून आमचा पाट जातो तो डिचोलीच्या एका चित्रशाळेत. पाट आपण द्यायचा, त्यावर चितारी मूर्ती घडवतो. मूर्ती कच्च्या मातीची, भाजलेली नव्हे. पाण्यात विरघळावी म्हणूनच केलेली असते ती. हे जरा लक्षात ठेवा.

दरवर्षी मूर्ती आणायला माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, भाड्याची गाडी ठरवायचा. गेल्या वर्षी मी जाहीर केलं, "यंदा गणपती माझ्या गाडयेतसून हाडूया. जनेलांच्यो काचो बंद, एसी चालू. पावसाचो थेंब लागाचो नाय."

दादा निवृत्त मास्तर. तीस वर्षं चौथीला विज्ञान शिकवलेला माणूस. त्याने चष्म्यावरून बघितलं. "एसी चलता?"

"चलतलो," मी म्हटलं.

म्हणजे मराठीत, चालेल. चालतो म्हटलं नाही मी. पण दादाने 'हं' केलं आणि माझी जबाबदारी पक्की झाली.

"म्हापशाक गॅरेजीत दाखवा अवो," सुनंदा, माझी बायको, म्हणाली.

"गॅरेजवालो काय वेगळा करतलो?"

मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. निळ्या टोपीवाला एक माणूस वीस मिनिटं हिंदीतून एसी समजावून सांगत होता. सातव्या मिनिटाला तो म्हणाला की बहुतेक वेळा गळती असते. मी मोबाइल बंद केला. रोग कळल्यावर डॉक्टरसमोर बसून राहतं का कोणी?

"सगळो बघलात मा?" सुनंदाने विचारलं.

"गरज नाय."

पहिला दिवस मी बॉनेट उघडून साबणाचं पाणी शिंपडण्यात घालवला. जिथे बुडबुडे, तिथे गळती. बुडबुडे सगळीकडेच आले, कारण साबण मी सढळ हाताने घातला होता. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी करून एसी अर्धा तास चालू ठेवला आणि नुसता बघत बसलो. तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अवो, गाडयेखाली पाणी कसला पडता?"

मी पाठीवर झोपून खाली शिरलो. डाव्या बाजूला करंगळीएवढी रबराची नळी, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी. हात लावला तर बर्फासारखं गार.

आता तुम्हीच सांगा. गाडीच्या आत गार होत नाही आणि गाडीखाली गार पाणी गळतंय. शहाण्या माणसाने काय समजायचं? मी समजलो की आतला थंडावा इथून वाया चाललाय. इतकी वर्षं मी नुसते नंबर लिहीत बसलो, माझं खरं काम हेच होतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

नळाला लावतात ती पुट्टी असते बघा, दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळायच्या आणि घासभर गोळा चिकटवायचा. तासाभरात दगड होतो. ती मी नळीच्या तोंडात ठासून भरली. थेंब बंद. गाडीत बसून एसी लावला आणि सुनंदाला शेजारी बसवलं.

"गार वाटता मा?"

"भायर पण गार वाटता," ती म्हणाली. "सांज झाली."

दोन दिवसांनी डाव्या सीटखालचं कारपेट ओलं लागलं. मी ताबडतोब निदान केलं, पाऊस आत येतोय. पुन्हा गाडीखाली शिरलो आणि तळाला, दारांच्या कडेला जेवढी बारीक भोकं दिसली तेवढी सगळी बुजवून टाकली. बाहेरचं पाणी आत यायला मी वाव ठेवला नाही. आतलं बाहेर कसं जाणार, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं डिचोलीला गेलो. मी, दादा, वहिनी आणि सुनंदा. पाऊस धो धो. चितारी म्हाताऱ्याने मूर्ती बाहेर आणली. दीड हात उंच, पिवळं पितांबर, आणि पाटाच्या पुढच्या कडेला हातात लाडू धरलेला उंदीर. इतकी देखणी मूर्ती आमच्याकडे बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

"रंग अजून ओलो आसा," तो म्हणाला. "पाणी तेवडां लागूक देऊ नकात."

मी गाडीच्या टपावर थाप मारली. "ती काळजी माझी."

दादा पुढे बसला आणि मूर्तीचा पाट मांडीवर घेतला. बायका मागे. काचा बंद केल्या, एसी लावला, निघालो. अस्नोडा मागे पडेपर्यंत मी इतका खूश होतो की गुणगुणत होतो.

मग एक वळण आलं.

"उल्हास," दादा म्हणाला, "माझ्या पायार पाणी पडता."

"पाऊस असतलो."

"पाऊस भायर पडता. ह्यां आत पडता."

पुढच्या वळणावर डॅशबोर्डच्या खालून तांब्या उपडा केल्यासारखं पाणी आलं. दादाने पाय झटकले. वहिनी मागून ओरडली, "मूर्ती सांबाळा, मूर्ती."

"एसी बंद कर," दादा म्हणाला. बंद केला. दोन मिनिटांत समोरची काच दुधासारखी झाली आणि समोरून येणाऱ्या बसचा नुसता हॉर्न दिसायला लागला. दिसायलाच म्हणतो, कारण इतका जवळ होता. सुनंदाने खिडकी उघडली, तर पावसाची सर आत आली आणि पितांबराला लागता लागता राहिली. खिडकी बंद, एसी पुन्हा चालू. आता नुसता चालू ठेवावा की नाही? पण मी इंजिनिअर पडलो.

"फुल्ल करतंय," मी म्हटलं. "आणखी गार झाला काय पाणी आटतला."

दादाने सावकाश मान वळवली. "गार केल्यार पाणी आटता?"

तीस वर्षं त्याने चौथीतल्या मुलांकडे ज्या नजरेने बघितलं असेल, ती नजर त्या दिवशी मला मिळाली. पण तोवर मी बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. पाणी आटायच्या ऐवजी आता वळण नसतानाही पडायला लागलं, आणि एसीच्या जाळीतूनही उडायला लागलं.

खरं सांगू? इथे माझं धाबं दणाणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. आदल्या दिवशी कुठल्याही चित्रशाळेत जास्तीची मूर्ती मिळत नाही. केरीला आई दारात खुर्ची टाकून बसलेली, शहाऐंशी वर्षांची, आणि सात बिऱ्हाडांची मुलं अंगणात. मूर्तीला नुसता तडा गेला असता तरी मला त्या घराची पायरी चढायचं तोंड राहिलं नसतं. स्टीअरिंग घट्ट धरून मी "काय होवचा नाय, काय होवचा नाय" म्हणत होतो. कोणाला सांगत होतो देव जाणे.

दादाने शेवटी चपला काढल्या आणि दोन्ही पाय उचलून डॅशबोर्डवर टेकवले. अडुसष्ट वर्षांचा माणूस. मूर्ती छातीशी धरलेली, मुकुट टपाला लागायला बोटभर बाकी. सुनंदाने छत्री उघडली, दोन सीटांच्या मधून पुढे सरकवली आणि मूर्तीच्या समोर आडवी धरली. पाणी छत्रीवर ताड ताड वाजायला लागलं.

धारगळच्या बसस्टॉपवर माणसं उभी होती. मूर्ती बघून त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. मग त्यांना बाकीचं दिसलं. बंद गाडी, आत उघडी छत्री आणि एसीच्या जाळीवर दादाचे उघडे पाय. एका बाईचे जोडलेले हात तसेच राहिले आणि तोंड उघडं पडलं.

केरीला पोहोचलो तेव्हा टाळ-घुमट वाजत होतं, आई आरती घेऊन उभी होती. आधी मूर्ती बाहेर घेतली. सगळ्यांनी सगळीकडून बघितली. मुकुट शाबूत, सोंड शाबूत, पितांबर कोरडं. फक्त पुढच्या कडेच्या उंदराला पाणी लागलं होतं. तो काळ्याचा करडा झाला होता आणि त्याची शेपटी पाटाला चिकटली होती.

"प्राणप्रतिष्ठा फाल्यां आसा," वहिनी म्हणाली. "आज तो मातयेचोच. नीट करूया."

मी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग दादाने आपल्या सीटखालचं भिजलेलं कारपेट ओढून उपडं केलं. गाडीच्या उंबऱ्यावरून पाणी भसाभस बाहेर आलं आणि मुलांनी मांडवाखाली सकाळपासून खपून काढलेली रांगोळी घेऊन गेलं. घुमट वाजायचं थांबलं.

दादाची मुलगी पूर्वा म्हापशात एका शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर काम करते. तिने हेअर ड्रायर लावून उंदीर वाळवला, त्याला रंगाचा हात दिला आणि मग माझ्या गाडीखाली वाकून बघितलं.

"काका, ह्या पायपाक बूच कोणी घातल्यान?"

"मीच. गळती होती."

"गळती नाय ती. एसी हवेतला पाणी काढता, तां हयसून भायर पडता. पडूकच होया."

"मगे आत गार कित्या होय नाय?"

ती पुढच्या सीटवर बसली, समोरचा कप्पा उघडून खाली ओढला आणि त्याच्यामागून पुस्तकाएवढी चौकट बाहेर काढली. फिल्टर. त्यातून वारा जातो म्हणे. जाणार कुठून? तो खाणीच्या तांबड्या धुळीने विटेसारखा झाला होता. वीस वर्षं मी ज्या धुळीचे ट्रक मोजले, ती धूळ माझ्याच गाडीत येऊन बसली होती आणि मला ओळखता आली नाही. तिने फिल्टर कुंपणावर आपटला, परत बसवला, एसी लावला. सुनंदाने पदर डोक्यावरून घेतला, इतका गार वारा. सगळं मिळून दोन मिनिटं.

तो व्हिडिओ मी नंतर पुढे बघितला. आठव्या मिनिटाला फिल्टर. नवव्या मिनिटाला निळ्या टोपीवाला हसून सांगत होता की गाडीखाली पाणी पडत असेल तर खुशाल पडू दे, एसी ठणठणीत आहे.

यंदा चवथीआधी केरीला बैठक बसली. मूर्ती आणायला चुलतभावाची उघडी पिकअप ठरली, वर ताडपत्री. मी घसा साफ करून म्हटलं की माझ्या गाडीचा एसी सध्या फार छान चालतो. सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी दादालाच माझी दया आली. "तू नारळ हाड," तो म्हणाला. "भिजले तरी चलतत."

तेवढ्यावर मी समाधान मानलं. डिचोलीच्या बाजारात मागच्या सीटवर नारळ रचले, काचा लावल्या, एसी लावला. पाऊस कोसळत होता. निघणार, तेवढ्यात दादा पिकअपवरून उतरून आला. त्याच्या हातात प्लास्टिकचा मोठा कागद होता. त्याने माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं, कागद नारळांवर पसरला, चारी कडा नीट खोचल्या, आणि परत उघड्या पिकअपमध्ये गणपतीशेजारी जाऊन बसला.