चंद्रोदय किती वाजता

न्यूरॉलॉजीत डीएम झाल्यावर स्मृतिभ्रंशावर फेलोशिप करायला मी माझ्याच गावी, बडोद्याला परत आले, तेव्हा माझं नाक जरा वरच होतं. छापील चाचणी, तीस गुण, अर्धा गुण इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. आमच्या विभागाचे सर म्हणायचे, "बेन, कागदाबरोबर माणसाकडे पण बघत जा." मला वाटायचं, सरांचं आता वय झालं.

एक दिवस एक काकू आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. दोनदा दूध गॅसवर ठेवून विसरल्या, म्हणून मुलगा घेऊन आला होता. मुलगा भला होता, फक्त घाबरलेला. "डॉक्टर, एवढंच सांगा, आई एकटी राहू शकेल का? नाहीतर रविवारी घर बंद करून तिला माझ्याकडे नेतो." काकूंनी ते ऐकलं. पर्सची चेन उघडली, परत लावली.

मी चाचणी सुरू केली. आज तारीख काय? "संकष्टी." महिना? "भाद्रपद." साल विचारलं तर त्यांनी शके सांगितलं. उत्तरांच्या यादीत असलं काही नव्हतं. मी तीन शून्यं ठोकली. शब्द आठवताना काही गुण आधीच गेले होते, त्यामुळे बेरीज चांगलीच घसरली.

सरांनी कागद वाचला. सर गुजराती, पण सगळं आयुष्य मराठी शेजारात काढलेले. त्यांनी मलाच विचारलं, "आज चंद्रोदय किती वाजता?"

मला कुठलं माहीत! काकू म्हणाल्या, "आठ चाळीस. अगं, तू बडोद्याचीच ना? आई उपास नाही करत?"

करते. तिने दिलेला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा माझ्या पिशवीत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी तिन्ही शून्यं खोडली. आजाराची सुरुवात आहे, हे त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितलं. पण तूर्त काकू आपल्या घरीच राहतील, गॅस आपोआप बंद होईल अशी सोय करा, आणि ही डॉक्टर दर संकष्टीला येऊन बघून जाईल.

ही शिक्षा होती, पण फेलोशिपमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच. काकू दारातच माझी परीक्षा घ्यायच्या, "बोल, चंद्रोदय किती वाजता?" मी पाठ करून जायचे. चुकलं की शाळेतल्यासारखा आवाज चढायचा, मग खिचडीची बशी पुढे यायची. बरोबर आलं तरी तीच बशी. माझा त्यांच्यावर फार जीव जडला.

फेलोशिप संपत आली तेव्हाची एक संकष्टी. जिना चढताना मी "नऊ एकोणचाळीस" घोकत होते. काकूंनी हसत दार उघडलं, "ये, ये" म्हणाल्या. विचारलं काहीच नाही. टेबलावर कांदेपोह्यांच्या दोन बशा होत्या, वर शेव. त्यांच्या बशीतले अर्धे संपले होते.

मी समोर बसले आणि पोहे खाल्ले. छान झाले होते. मुलाला फोन मी दुसऱ्या दिवशी केला.