ताईच्या दोन रिंगा

आमच्या घरचं इंटरनेट गेलं की आधी मुलगी ओरडायची, मग मी, आणि शेवटी आई शांतपणे म्हणायची, "फोन तं चालू आहे नं? मग झालं." मुलगी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. तिच्या साहेबाचा चेहरा तोंड अर्धं उघडं ठेवून स्क्रीनवर अडकला की आख्खं घर हसायचं, ती सोडून. एक दिवस ती अगदी रडकुंडीला आली. तेव्हा मी जाहीर केलं, कंपनी बदलायची. तेही एक रुपया जास्तीचा न देता.

हे 'एक रुपया जास्तीचा न देता' म्हणजे माझं व्यसन आहे. वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात अर्धं आयुष्य ट्रकवाल्यांशी घासाघीस करण्यात गेलं, ते अंगात मुरलंय. मी दोन्ही कंपन्यांचे नियम छापून आणले आणि पिवळ्या पेनाने रेघा मारल्या. नवी कंपनी जोडणी फुकट देत होती. जुनीच्या दोन अटी होत्या. पुढचं बिल निघायच्या आत बंद करायचं, नाहीतर आणखी एक महिना भरा. आणि त्यांचा राउटर चांगल्या हालतीत परत करायचा, नाहीतर त्याची किंमत भरा. बायकोला म्हटलं, बघ आता कसा करतो. ती म्हणाली, "पाहून राहिली."

मग कळलं की मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी सोबत येतो, इंटरनेटच्याच जोडणीवर चालणाऱ्या आपल्या घरच्या फोनचा येत नाही. नवा नंबर मिळणार होता.

"काय फरक पडतो?" मी आईला म्हणालो. "बिल पाहा. वर्षभरात ह्या फोनवरून एक कॉल झालेला नाही."

"बिलात कसा येईल गा?" आई म्हणाली. "आम्ही दोन रिंगाच देतो नं फक्त."

ही भानगड सांगायला हवी. आईची मोठी बहीण, माझी मावशी, उमरेडला राहते. तिच्या घरी फोन आला तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला ती आमच्याकडे दोन रिंगा देऊन फोन ठेवते. आई तशाच दोन रिंगा परत देते. म्हणजे मी उठले, चहा झाला, बरी आहे. उचलायचा नाही, उचलला की पैसे लागतात. आता बोलण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत हे मी दोघींना दहादा सांगितलं, पण असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही. रिंगा थांबल्या की आई घरभर ऐकू जाईल असं म्हणते, "ताई उठली." इतकी वर्षं मी ते कुकरच्या शिट्टीसारखं ऐकत आलो होतो.

मावशी आता चौऱ्याऐंशीची आहे. दिसतं फार कमी, बटणं चाचपून नंबर लावते, आणि जगात एकच नंबर तिला पाठ आहे. तिचा मुलगा सकाळीच कामाला निघून जातो. हा नंबर गेला तर ताई उठली की नाही हे आईला कळणार कसं?

"आपण तिला मोबाइल देऊ, त्यात भरून," मुलगी म्हणाली.

"ठेवन कुठं? लुगड्याले खिसा असते का?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताईले नंबर पाठ होत नाही तोवर मी कुठं सही करणार नाही." आणि जुना फोन आईच्याच नावावर होता.

नवी जोडणी झाली, नवा नंबर मिळाला. जुनं बिल निघायला आठ दिवस होते. रविवारी आईला घेऊन एसटीने उमरेड गाठलं. मी मोठ्या अक्षरांत नंबर लिहून नेला होता. मावशीने कागद नाकाशी धरला आणि परत दिला.

"मले नाही येत गा आता नवं काही. डोक्यात जागाच नाही उरली."

मी तोंड पाडून बसलो. आई मात्र तिच्याजवळ सरकली. ह्या दोघी कोष्ट्याच्या घरच्या. माग कधीच बंद पडला, पण लहानपणी लुगड्याचा काठ मांडताना कोणत्या रंगाचे किती धागे हे त्या एका सुरात म्हणायच्या, म्हणजे चुकत नसे. आई म्हणाली, "ताई, काठ मांड."

"मांडला."

"सहा पिवळे."

"हं."

"एक लाल."

शून्य आलं तेव्हा मी घाबरलो. आई थांबलीच नाही. "फणीचं एक घर खाली." फणी म्हणजे मागाची ती कंगव्यासारखी पट्टी, जिच्या एकेका फटीतून, म्हणजे घरातून, धागा ओवतात; खाली घर म्हणजे रिकामं, धागाच नाही. मावशीची बोटं मांडीवर हलायला लागली. तिसऱ्या फेरीत ती आईच्या आधीच पुढचा आकडा म्हणत होती. चौथ्या फेरीत तिला हसू फुटलं.

"असा काठ कोण घेईल वं? सहा पिवळ्याशेजारी एकच लाल! कंपनीवाल्याले रंगाची काही अक्कलच नाही."

दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला. मी म्हटलं, मावशी, नवा फोन चालू आहे, एकदा लावून बघ. तर म्हणते कशी, "जुना चालू आहे तोवर नव्यावर काहून करू? मी दोन-दोन ठिकाणी उठू का?"

मी नंबरचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

शेवटच्या दिवशी मी आईला घेऊन जुन्या कंपनीच्या काउंटरवर गेलो. तिथल्या पोराने राउटर हातात घेतला, उलटा केला, कानाशी धरून हलवला. आतून खुळखुळ आवाज आला. माग गेला तरी दसऱ्याला आई ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा करते. आधी माझी स्कूटर होती, मग मुलीचा लॅपटॉप आणि राउटर. जाळीच्या भोकांत चार-पाच दसऱ्यांचं हळदीकुंकू बसलं होतं, आणि अक्षता थेट पोटात गेल्या होत्या.

"सर, हे डॅमेजमध्ये येते," पोरगा म्हणाला. "चार्ज लागन."

माझं डोकं सटकलं. पिवळ्या रेघांचे कागद काढायला मी पिशवीत हात घातला, तेवढ्यात आई पुढे झाली.

"काहून गा बापू, तुह्या ह्या कॉम्प्युटरची पूजा कोणं केली?"

त्याच्या स्क्रीनच्या कडेला हळदीकुंकवाची पाच बोटं उमटली होती आणि वर आपट्याचं वाळकं पान चिकटवलं होतं. पोरगा लाजला. "मीच केली, काकू."

"मग ते डॅमेज झालं का?"

मागची रांग खदखदून हसली. पोराने फडकं घेतलं, राउटर पुसला, तिरपा करून टकटक केलं. काउंटरवर तांदळाचे चार दाणे पडले. ते त्याने उचलून आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवले आणि फॉर्मवर लिहिलं, चांगल्या हालतीत. मी रस्त्यात नाचायचाच बाकी होतो. एक रुपया जास्तीचा नाही! आई ऑटोत नवा नंबर धाग्यांच्या सुरात पुटपुटत होती. जुना नंबर त्याच क्षणी बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासातलाच आम्ही चौघं नव्या फोनभोवती जमलो. साडेसात झाले. काही नाही. "चहा उशिरा झाला असन तिचा," आई म्हणाली. पावणेआठ झाले. मला स्वतःची लाज वाटायला लागली. चार पैशांच्या हौसेपायी मी म्हातारीचा एकुलता एक नंबर घालवला होता. मुलगी म्हणाली, बाबा, आपणच लावू या का. तेवढ्यात फोन वाजला.

एक. दोन. आणि तिसरी!

तिसरी रिंग कधीच नसते. चौथी वाजली, पाचवी वाजली. आईचा चेहरा पांढरा पडला. तिने फोन उचलला, आणि मावशीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"कोण बोलते?"

"मी वं ताई! काय झालं?"

"काय होईल? मघा मी फणीचं खाली घर भरून टाकलं, तं भलत्याच माणसाच्या घरी लागला. त्यानं दोन रिंगांत उचललाच! म्हणून म्हटलं, आता तूच आहे का पाहावं. ठेव, ठेव. बिल वाढून राहिलं."

फोन बंद. आम्ही हसत सुटलो. बायको तर खालीच बसली. आमचं हसू ओसरायच्या आत फोन पुन्हा वाजला. एक. दोन. शांत.

आईने पदराने डोळे पुसले, नंबर फिरवला, दोन रिंगा परत दिल्या आणि फोन ठेवला. आम्ही सगळे तिच्यासमोरच उभे होतो, सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी तिने घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, "ताई उठली."